थेंब आणि तीन काटे

सुताराच्या बायकोला कुणी विचारत नाही, तुझा नवरा करतो काय. मला मात्र उमरग्याच्या विहिरीवर सगळ्याजणी विचारायच्या. आणि मी सांगणार तरी काय? आमचे हे दिवसभर पाटावर कागद घेऊन बसायचे. काढायचे थोडं, खोडायचे फार. संध्याकाळी कागदावर सकाळपेक्षा कमीच काहीतरी उरायचं. सासूबाई म्हणायच्या, "खोडायचं शिकायला हैदराबादेला गेलता व्हय?"

हैदराबादेत ते एका छापखान्यात छपाईच्या शिळेवर चित्रं काढत. कमानी, वेलबुट्ट्या, मोर. सासरे गेले तेव्हा गावी परतले आणि मोर तिकडेच सोडून आले. म्हणायचे, "तेलाच्या डब्यावरलं चित्र पळत्या गाडीतनंबी वळखाया आलं पायजे. वाचता येवो न येवो." आमच्या बाजारात निम्मे मराठी बोलायचे, निम्मे कानडी. निजामाच्या सरकारी पाट्या उर्दूत, आणि वाचता येणारे फार थोडे. मला त्यांचं पटायचं, पण तसं तोंडावर सांगायची आमच्यात रीत नव्हती. नवऱ्याचं नाव घ्यायचीही नव्हती.

माणिकप्पा सावकारांचा करडईच्या तेलाचा मोठा व्यापार होता. त्यांच्या डब्यांवर सोलापूरहून छापून आणलेली लक्ष्मी असायची, दोन्ही बाजूंना हत्ती. जर्मनीच्या लढाईत कागद मिळेनासा झाला आणि लक्ष्मी संपली. तेव्हा त्यांनी ह्यांना बोलावून घेतलं.

"सिद्धलिंगा, पत्र्याचा साचा काप आन् रंगानं लक्ष्मी मार डब्यावर. जमलं तर हे काम कायमचं तुझं. न्हाय जमलं तर हैदराबादेचा रस्ता दारावरनंच जातो."

हैदराबाद म्हणजे ह्यांच्या नशिबी पुन्हा मोर आणि माझ्या नशिबी एकट्या सासूबाई. मी अणदूरच्या खंडोबाला नवस बोलले.

ह्यांनी कापलेल्या साच्यात लक्ष्मी नव्हती. एक थेंब, आणि वर तीन काटे. बस्स. करडईचं बोंड ज्यानं एकदा हातात धरलंय, त्याला वेगळं सांगायला नको. मला तर बोटाला टोचल्यासारखं झालं. इतकं कमी काढून इतकं सांगता येतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

माणिकप्पांचं तोंड कडू झालं. "लक्ष्मी कुठं हाय?"

"साच्यातनं तिचं नाकडोळं निघत न्हायीत, अण्णा. भुतावानी दिसंल."

"आन् तेलाच्या डब्यावर काटे? गिऱ्हाईक हात लावंल व्हय?"

"करडईला काटे असत्यात," हे म्हणाले.

एवढं सरळ उत्तर ऐकायची व्यापाऱ्याला सवय नसते. पण कोरे डबे पडून होते, म्हणून एका बाजारापुरती त्यांनी मान हलवली.

डबे हा हा म्हणता खपले. बायका यायच्या, डब्याला हात लावायच्या, तोच हात कपाळाला लावायच्या. माणिकप्पांना आधी उमगेना, मग उमगलं तेव्हा त्यांचा हात आपसूक गळ्यातल्या लिंगाकडे गेला. लोकांना तीन काट्यांत शंकराचा त्रिशूळ दिसला होता, आणि थेंबात पिंड. सावकार खूष. "लई हुशार हायस. शंकर काढलास आन् सांगितलं न्हायीस."

हे घरी आले ते जेवलेच नाहीत. माझं डोकं फिरलं. "लोकांनी देव बघितला तर तुमचं काय गेलं?"

"म्या देव काढलाच न्हाय, शरणम्मा. करडई काढली. आन् शेखांच्या आळीत ह्यो डबा आता कोन घेनार?"

मी त्यांचं ताट उचललं आणि चुलीपाशी आपटलं.

पुढच्या बाजारी मी दुकानात तेल घ्यायला गेले होते. हे मागच्या बाजूला डबे रंगवत होते. तेवढ्यात गावकुसाजवळची प्रेमाबाई डोक्यावर दोन रिकामे डबे घेऊन आली.

"अण्णा, ह्ये घ्या आन् देव नसलेला डबा द्या. उंदरांनी जवारीच्या कणगीला भोक पाडलंय, पत्रा ठोकायचाय. पर देवावर कात्री कशी चालवू? आन् वर उंदीर नाचनार."

लढाईच्या दिवसांत पत्रा कुठं मिळत होता? डबा रिकामा झाला की कापायचा, त्याचं दार करायचं, छपराला ठिगळ लावायचं. घराघरात तेच चाललेलं. तेल विकणाऱ्यालाच तेवढं ठाऊक नव्हतं.

हे बाहेर आले. एक नवा पत्रा घेतला आणि तिथंच बसून साचा कापला. मधला काटा आखूड केला, एका अंगाला कलता. बाकीचे दोन फाकवले. थेंब वर फुगीर केला, बोंडासारखा. प्रेमाबाईपुढे धरला.

"मावशी, ह्ये काय हाय?"

"करडई की. रोज टोचती मला."

माणिकप्पा उठून उभे राहिले. "खपनारा देव मोडतोस? मोड. मग उद्याच हैदराबादेची वाट धर."

"अण्णा, देवाचा डबा घरात बसून ऱ्हातो," हे शांतपणे म्हणाले. "ह्यो कापला की दारावर जाईल, छपरावर जाईल. रस्त्यानं जानारा कैक वर्सं तुमचं तेल बघंल." आणि साचा खाली ठेवून ते हाताचा रंग पुसू लागले.

ते हात पुसणं माझ्यानं बघवेना. सावकारापुढं मी आजवर तोंड उघडलं नव्हतं. पदर सावरला आणि म्हणाले, "अण्णा, आमी सगळीच जातो हैदराबादेला. पुढचा साचा तुमीच कापा."

माणिकप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. प्रेमाबाईच्या डोक्यावरच्या डब्यांकडे मात्र बराच वेळ पाहिलं. व्यापारी माणूस, हिशेब मनातच करतो. शेवटी म्हणाले, "मार ह्योच."

ह्यांनी आधी प्रेमाबाईच्या डब्यांवरचा त्रिशूळ रंगानं बुजवला, वर करडई मारली आणि डबे तिला परत दिले. आमचं बिऱ्हाड उमरग्यातच राहिलं. माझा नवस फेडायला हेही आले.

पुढं रझाकारांची धामधूम माजली. आम्ही चार भांडी घेऊन सरहद्दीपलीकडच्या छावणीत गेलो. मुलूखभरची माणसं तिथं गोळा झाली होती. शेजारच्या खोपटात भूम गावाकडची लक्ष्मीबाई होती. ओळख होते न होते तोच तिनं विचारलं, "तुमचं मालक काय करत्यात?"

इथंही तेच. मी इकडंतिकडं पाहिलं. तिच्या खोपटाचं दार डब्याच्या पत्र्याचं होतं. बोट दाखवलं. "त्ये करत्यात."

लक्ष्मीबाई वळून दाराकडे बघत राहिली. "ही करडई? आवं, आमच्याकडं घरोघरी हाय ही. मला वाटायचं, डब्यासंगट आपसूकच येत असंल. माणसानं काढली व्हय? नाव काय त्यांचं?"

हे बाहेर घागर घेऊन आलेले मला दिसत होते. उखाणा घ्यायचा होता, पण एकही आठवेना. आणि डब्यावर नाव टाकायला त्यांनी कधी जागाच ठेवली नव्हती.

"सिद्धलिंग," मी म्हणाले. चांगलं मोठ्यानं.

ते आत आले, घागर टेकवली. "कुनी हाक मारली?"

"म्या," मी म्हणाले.