माझ्या पोटातले आहेर

अध्यक्ष महोदय, तुम्ही मला किलोवर विकायला काढलं. वर वस्तीला सांगितलं, त्याच्यात आता आहे काय! काय आहे ते मीच सांगतो.

मी एक जुना, व्हॉल्ववाला अॅम्प्लिफायर आहे. मित्रांनो, माझ्याशिवाय भोंगा मुका. पांढुर्ण्याच्या आमच्या वस्तीत मला नुसतं 'मशीन' म्हणतात. नागपुरात माझी जुळणी झाली, पण मला पोसलं वस्तीनं. व्हॉल्व म्हणजे काचेचा दिवा. गेला तर तेवढाच बदलायचा. आणि इथली रीत अशी, की ज्या घरी लग्न, त्या घरानं मला एक व्हॉल्व आहेर करायचा. त्याच्याखाली रंगानं त्या घरचं नाव. भाऊरावांचा आहे, चंद्रकलाच्या घरचा आहे. सुखदेवनं पोरीच्या, पुष्पाच्या लग्नात दिलेला अजून जळतो. सुखदेव मात्र गेला.

मग अध्यक्ष महोदय, विहार समितीसाठी तुम्ही नवं मशीन आणलं. जेवणाच्या डब्याएवढं, आणि किंमत माझ्या दुप्पट. म्हणालात, सगळं एकाच प्लेटवर बसवलेलं, नव्या पिढीचं आहे. खोटं कशाला बोलू? ते हलकं आहे, बटण दाबताच बोलतं. मला तापायला वेळ लागतो, उचलायला दोन माणसं लागतात.

पण जयंतीच्या संध्याकाळी काय झालं? पुष्पा माइकवर बोलत होती. संत्र्याच्या बगिच्यांतले पंप एकदम बंद झाले, व्होल्टेज चढलं आणि तुमच्या नव्या पिढीतून धूर निघाला. त्यातला एक तुकडा बदलता येत नाही म्हणे; अख्खी प्लेटच नवी आणायची. शेवटी शालिकराम आणि मोतीरामनं मला विहाराच्या ओसरीवरून उचलून आणलं. मी तापेपर्यंत सगळे थांबले. मोतीराम म्हणाला, "म्हाताऱ्याले चहा पाजा रे, मंग बोलते." लोक हसले. मग मी बोललो, आणि पुष्पाचं भाषण पार बगिच्यांपर्यंत गेलं.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही ठरवलं, मला भंगारात द्यायचं आणि त्या पैशात नवी प्लेट आणायची!

भंगारवाला काटा घेऊन आला, तेव्हा पुष्पा आडवी आली. तुम्ही तिला समजावलं, "बाई, जमाना बदलून राहिला. जुन्याचा किती लोभ करसान?"

ती म्हणाली, "बदलू द्या ना, भाऊ. पण माह्या पोरीच्या लग्नात त्या नव्या मशीनले मी काय देऊ? त्याच्यात एक दिवा लावाले जागा नाही. अन् ह्याच्यात माहा बाप आहे. त्याले किलोनं तोलून राहिले तुम्ही?"

तुम्ही घड्याळ पाहिलं आणि निघून गेलात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. मी वेगळं सांगतो. कोणी महागाची नवी वस्तू आणली, की आधी विचारा, बिघडली तर ही उघडते का? आपल्या हातानं नीट होते का?

गुरुवारच्या बाजाराला भंगारवाला परत येणार आहे. अध्यक्ष महोदय, त्याआधी सभा घ्या. पुष्पा उभी आहे, मी तापून तयार आहे, माइक तुमच्यासमोर ठेवला आहे. दुप्पट किंमत कशाची दिली? बोला.