आत्याबाईंनी मळलेलं पीठ

"तू ऱ्हाऊ दे. आप्पाला चहा मी देते," जानकीबाई म्हणाल्या, आणि शिवकन्येच्या हातातली गाळणी कपावर तशीच राहिली.

लग्न होऊन या घरात आल्यापासून सासूच्या तोंडून "ऱ्हाऊ दे" असं तिनं कधी ऐकलंच नव्हतं. "अजून झालं न्हाई का", "काहून बसलीस", "कालिजात भाकरी थापायलाच गेलती का" हे सगळं ऐकलं होतं, पण "ऱ्हाऊ दे" नाही. तिला वाटलं, आज कामाचा दिवस आहे म्हणून असेल. सासूलाही कधीतरी वाटतच असेल की.

आप्पा म्हणजे सटवा, जानकीबाईंचा धाकटा दीर. जन्मभर शेळ्या राखल्या, लग्न केलं नाही, आणि पोळ्याच्या सुमाराला लकवा मारून गेला तो मागच्या पडवीतच आडवा झाला. त्याला उठवणं, पुसणं, चमच्यानं चहा पाजणं हे सगळं शिवकन्येकडे होतं. चहा पिऊन झाला की तो शाबूत हाताची दोन बोटं तिच्या मनगटावर टेकवायचा. तेवढंच त्याचं बोलणं उरलं होतं.

जानकीबाई कप घेऊन पडवीत गेल्या आणि बऱ्याच वेळानं रिकामा कप घेऊन आल्या. कप स्वतः विसळला. म्हणाल्या, "घेतला चहा. पुन्हा डोळा लागलाय त्याचा. हाका मारू नको, पडवीत जाऊ नको. तुझं काम बघ."

काम लई होतं. अंबाजोगाईतल्या एका खाजगी वसतिगृहात आज पालकांचा मेळावा होता आणि त्याचं जेवण शिवकन्येनं द्यायचं होतं. रेक्टर विजयमाला मॅडम तिच्याच कॉलेजच्या, तिच्या पुढं काही वर्षं शिकलेल्या. त्यांनी सांगून टाकलं होतं, पालकांनी आज नावं ठेवली नाहीत तर पुढच्या महिन्यापासून मेस तुझी, आणि वसतिगृहाच्या मागच्या दोन खोल्याही तुला राहायला. दोन खोल्या, आणि गल्लीच्या टोकाला बालवाडी. राजनंदिनीला हाताला धरून सोडायला जायचं आणि परत आणायचं, हे चित्र शिवकन्येनं इतक्यांदा मनात पाहिलं होतं की बालवाडीच्या फाटकाचा रंगही तिनं ठरवून टाकला होता.

नाही जमलं तर काय, तेही ठरलेलं होतं. नवरा रामेश्वर मुकादमाचा माणूस, दसऱ्याला ऊसतोडीची टोळी घेऊन कारखान्याकडे गेला तेव्हा दारात उभा राहून सांगून गेला होता, "संक्रांतीपर्यंत काय उजेड पाडायचा तो पाड. न्हाई जमलं तर चल माझ्यासंगं, टोळीवर सैपाक कर. पोरगी माझ्या आईजवळ ऱ्हाईल."

पोरगी आईजवळ राहील. या वाक्यानं शिवकन्येची झोप गेली होती. राजनंदिनी आता तीन वर्षांची. जानकीबाई तिला जुन्या लुगड्याच्या धडप्यानं बाजेच्या पायाला बांधून ठेवत, आणि आल्यागेल्यासमोर खेळ करत. "तुझी आई कुठं गेली गं?" पोरगी टाळ्या वाजवून म्हणायची, "पळाली!" बायका हसायच्या. शिवकन्या भाकरी थापत असायची, तिचे हात थांबत नसत. घरात काहीही चालू असो, हात थांबू द्यायचे नाहीत, ही शिस्त तिनंच स्वतःला लावून घेतली होती. डोळे चुलीवर, कान पोरीवर. कुणी काही लागेलसं बोललं की ती मनाशी म्हणायची, याचं वाईट भाकरी झाल्यावर वाटून घेऊ. भाकरी होईपर्यंत भांडी निघायची, भांडी होईपर्यंत झोप यायची, आणि वाईट वाटायचं राहूनच जायचं. त्यावरच तिचा घरून जेवणं करून द्यायचा धंदा उभा राहिला होता.

पण आज सगळंच वेगळं होतं. जानकीबाईंनी पहाटेच्या गारठ्यात डोक्यावरनं पाणी घेतलं, ओल्या केसांनी शिवकन्येच्या स्वयंपाकाच्या शेडमध्ये आल्या आणि परातीपुढं बसत म्हणाल्या, "आण. धपाट्याचं पीठ मी मळते. तुझं तू वांग्याचं बघ."

"आत्याबाई, तुमचा खांदा दुखतो ना?"

"दुखू दे. घरचंच काम हाय."

त्यांनी मन लावून पीठ मळलं. तीळ घातले, ओवा चोळून घातला, मिठाची चव शिवकन्येला बघायला लावली. राजनंदिनीला बांधलं नाही. मांडीशी घेतलं, पिठाची चिमणी करून दिली. रस्त्यानं परळीच्या वीजकेंद्राकडनं राखेचे टँकर धडधडत गेले तेव्हा उठून भगुन्यांवर फडकीसुद्धा त्यांनीच टाकली. शिवकन्या वांगी परतत होती आणि तिला स्वतःचीच लाज वाटत होती. आपण या बाईला काय काय समजत होतो. अंबाजोगाईला गेल्यावर पोरीला दर रविवारी इकडं आणायचं, असं तिनं तिथल्या तिथं ठरवूनही टाकलं.

ऊन वर आलं तेव्हा म्हाळू त्याचा छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला. गावातलाच पोरगा, तोंडाचा मोकळा. "वैनी, गाडीला आज डिझेल नको. नुसत्या वासावर जाती बघा अंबाजोगाईला."

"मग भाडंही वासावरच घे," शिवकन्या म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

"एक धपाटं तर ठिवा हातावर."

जानकीबाईंनीच उठून त्याला दोन दिली, वर चटणी. "खा बाबा. माझ्या हातचं पीठ हाय." म्हाळू खाईपर्यंत त्या समोर उभ्या राहिल्या. मग भगुनी गाडीत चढली, दोरी आवळली गेली, शिवकन्या साडी बदलायला घरात वळली, आणि मागच्या पडवीतून हंबरडा आला.

"आप्पा गेलाऽ गं माय!"

शिवकन्या धावली. आप्पा उताणा होता. तिनं पावलाला हात लावला. पाऊल थंड होतं आणि वळत नव्हतं. हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारलेली होती. ओठांत तुळशीचं पान होतं, काळं पडून आक्रसलेलं. आत्ता गेलेल्या माणसाच्या तोंडातलं पान असं नसतं. उशाशी पहाटेचा चहा जमिनीवर ओतलेला, त्याला मुंग्या लागल्या होत्या.

तिनं सासूकडे पाहिलं. जानकीबाईंचे डोळे कोरडे होते.

"तुम्हाला पहाटेच कळलं होतं."

"मग?" आवाज खाली आणून त्या म्हणाल्या. "पहाटं सांगितलं असतं तर तू चूलच पेटवली नसतीस. म्याडमला फोन केला असतास, तिनं समजून घेतलं असतं, अन् सुतक फिटलं की तू पुन्हा उभी. आता कर की फोन. सुतकातलं अन्न हाय, खड्ड्यात घाल म्हणावं." पदर सारखा करून त्यांनी पुढं जोडलं, "माझी नात घिऊन चाललीस व्हय?"

शिवकन्येनं हात साडीला पुसले. याचं वाईट नंतर, ती मनाशी म्हणाली. आप्पांचंही नंतर. आणि ती बाहेर आली.

म्हाळू टोपी हातात घेऊन उभा होता. शेजारच्या चंद्रभागाबाई हंबरडा ऐकून दारात पोचल्या होत्या. म्हाळूनं विचारलं, "वैनी, उतरवू का भगुनी?"

"काहून उतरवायची?" शिवकन्येनं मोठ्यानं विचारलं. "म्हाळूभाऊ, माणूस लांब कुठं वारलं आणि आपल्याला उशिरा कळलं, तर सुतक कधीपासून धरतो आपण? कळलं तिथूनच ना? आधी शिजलेलं, खाल्लेलं कुणी बाटलेलं म्हणतं का? हे सगळं कळायच्या आधीचं आहे."

म्हाळूनं चंद्रभागाबाईंकडे पाहिलं. म्हातारीनं मान तिरकी केली. "तसं धरत्यात खरं."

मग शिवकन्या सासूकडे वळली. "आत्याबाई, आपल्याला आत्ताच कळलं ना? का तुम्हाला आधी कळलं होतं?"

पडवीच्या दारात जानकीबाई थांबल्या. हो म्हणावं, तर मढं घरात ठेवून पीठ मळलं, म्हाळूला हातानं खायला घातलं, हे चारचौघांत कबूल करावं लागणार. त्या सुनेकडे बघत राहिल्या. त्या नजरेत राग नव्हता. बाजारात शेळीचे दात बघावेत तसं त्या तिला बघत होत्या.

"आत्ताच की गं," त्या म्हणाल्या.

गाडी गेली. शिवकन्येनं विजयमाला मॅडमना फोन लावला. "घरात जरा अडचण आली, मी येऊ शकत नाही. म्हाळूभाऊ सगळं उतरवून देतील." अडचण म्हणजे काय ते तिनं सांगितलं नाही, मॅडमनी विचारलं नाही. फोन ठेवला तेव्हा तिला जिंकल्यासारखं वाटलं. मागं आप्पा ताठून पडला होता आणि तिला जिंकल्यासारखं वाटत होतं, हेही तिला कळलं, आणि तेही तिनं नंतरवर टाकलं.

गल्लीतल्या बायका जमल्या. आप्पाला ओट्यावर आणून ठेवलं. रामेश्वर कारखान्यावरून निघाला होता; तो संध्याकाळी पोचल्याशिवाय उचलायचं नव्हतं. जानकीबाई दिराच्या उशाशी बसल्या, पदर तोंडावर ओढला आणि हेल काढून रडू लागल्या. या गावात बाई मढ्यापुढं हेल काढते तेव्हा जे मनात असेल ते सगळं त्यात घालते. कोण कसं वागलं, कुणी पाणी दिलं, कुणी नाही. सगळं मेलेल्या माणसाला उद्देशून, सगळं सुरात. आणि त्यात कुणी मध्ये बोलायचं नसतं. खरं का खोटं विचारायचं नसतं. रडणारीचा हात धरून मान हलवायची, एवढंच.

"लेकरासारख्या माझ्या दीरा, पहाटंच गेलास रंऽ
उशाशी तुझ्या चहा निवून गेला रंऽ
ह्याच हातानं म्या तुळस ठिवली रंऽ
ह्याच हातानं पीठ मळलं रं, माझ्या दीराऽ"

रडणाऱ्या बायकांनी तोंडावरचे पदर बाजूला केले.

"सुनंचं काम बुडंल म्हून हुंदका गिळला रंऽ
तुझ्याआधी म्या तिचं बघितलं रंऽ
कसं मला पाप लागंल रं, माझ्या दीराऽ"

"अगं माय माय माय," कुणीतरी म्हणालं. "सुनंपायी!"

"काय काळीज म्हणावं बाईचं!"

"अन् ही सासूच्या तोंडून वदवून घेत होती, आत्ताच कळलं म्हून," चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि शिवकन्येकडे बघत उठल्या. त्यांची लेक त्याच मेळाव्याला गेली होती. नात त्याच वसतिगृहात होती. त्या कोपऱ्यात जाऊन फोन कानाला लावून बसल्या. शिवकन्येनं उठून त्यांचा हात धरायला हवा होता. पण समोर मढं, बाजूला बायकांची भिंत, आणि सासूचा एक हात तिच्या गुडघ्यावर घट्ट दाबलेला.

मॅडमचा फोन आला तेव्हा ती शेडमध्ये गेली.

"ताटं वाढून झाली होती, शिवकन्या. बायका उठल्या. एकीनं पोरीच्या तोंडातला घास बोट घालून काढला, सगळ्यांसमोर. पोरगी ओकली." पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला. "मला सुतकाचं काही नाही गं. पण तू मला 'अडचण' म्हणालीस. मी विचारलं असतं तरी तू सांगितलं नसतंस, हो ना? एवढ्या पोरींचं जेवण मी कसं देऊ तुझ्या हाती?"

"मॅडम, माझं ऐका..."

"नको. खोल्यांचं मी दुसऱ्यांना सांगितलंय."

ती परत आली तेव्हा राजनंदिनी जानकीबाईंच्या मांडीवर होती. एक हेल संपला होता, दुसरा सुरू व्हायचा होता. त्या मधल्या वेळात जानकीबाईंनी डोळे पुसत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "रामेश्वरला म्या सांगितलंय. दहावं झालं की हिला घिऊन जा म्हणलं संगं. इथं पोरीच्या जिवाला घोर लावून तिनं कशाला बसावं? पोरगी ऱ्हाती माझ्याजवळ."

"बरोबर हाय," बायका म्हणाल्या.

मग त्या सगळ्या शिवकन्येकडे वळल्या. एवढं आप्पाचं केलंस, आणि डोळ्यात टिपूस नाही. "रड गं बाई. मोकळी हो. बोल त्याच्याशी."

शिवकन्येनं आप्पाच्या तोंडाकडे पाहिलं. तिला वाटलं, हेच बरं. इथं कुणी मध्ये बोलणार नाही. तीही पदर ओढून सगळं सांगेल. चहा ओतला ते, पट्टी बांधली ते, म्हाळूला खायला घातलं ते. तिनं तोंड उघडलं. पण सूर कुठून धरायचा ते तिला माहीत नव्हतं. आवाज निघाला तो कोरडा, वर्गात उभं राहून धडा वाचावा तसा.

"आप्पा पहाटे वारले. यांना माहीत होतं. यांनी मला सांगितलं नाही. यांनी मुद्दाम..."

शेजारच्या बाईनं धरलेला तिचा हात सोडून दिला.

"अगं, मढं पुढ्यात हाय," एक म्हणाली. "ही काय तऱ्हा बोलायची?"

"असू द्या," जानकीबाई म्हणाल्या. मांडीवरच्या पोरीला सावरत त्यांनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला, वरून खाली, सावकाश. "शिकल्याली हाय. तिला कुठं येतंय आपल्यासारखं? शिकंल हळूहळू."

आणि तो हात तिच्या पाठीवरच ठेवून त्यांनी सूर उचलला.

"दुःखानं माझ्या सुनंचं भान गेलं रंऽ
लेकरू तिचं कोण सांभाळंल रं, माझ्या दीराऽ"

बायका पुन्हा रडू लागल्या.