चंपाबाईंच्या नावाखालची जागा

"रबर तिरकं जातंय," मी म्हणालो. पण इतक्या हळू, की शब्द यंत्राच्या घरघरीतच विरून गेले.

यंत्रांच्या शोरूममधल्या तेजस्वीने यंत्र थांबवले तेव्हा चाचणीचा तुकडा रुळांखाली चुरगळून गेला होता. साधे स्टिकर कापणारा तो प्लॉटर. वाळूच्या माऱ्यापुढे टिकणारे आमचे जाड रबर त्याला पेलवले नाही. आम्ही रबरात अक्षरे कापून ती सोलतो, रबर काचेवर नाहीतर दगडावर चिकटवतो, आणि उघड्या जागेवर वाळू मारून कोरतो.

"खलास!" अहमदभाई हसले. इथे आखातात, मुहर्रकमध्ये, काच आणि दगड कोरण्याचा आमचा कारखाना त्यांचा. मूळचे ते रत्नागिरीचे. "प्रज्योत, तुला दिसत होता ना? मग वरडायचास की! जयप्रकाशने तुला हात शिकवलान, तोंड नाय शिकवलान."

मग त्यांनी चुरगळलेला तुकडा रुळांखालून ओढून काढला. जयप्रकाशकाका गेल्यापासून ते नाव कारखान्यात कुणी घेत नव्हते.

काका आमच्याच गावचे. इथल्या अमवाज बेटावरच्या कितीतरी घरांच्या काचेच्या दारांवर जी खजुराची झाडे आहेत, त्यांचे रबर काकांनी हाताने कापलेले. एका दुपारी ते कामाच्या मेजावरच कलंडले. त्यांच्या खुर्चीत मी बसलो, आणि रबरामागून रबर नासवत गेलो. ब्लेड उचलले की वाटे, ही जागा अजून रिकामी झालेली नाही.

म्हणून प्लॉटर बघायला आलो होतो.

दोन पुठ्ठ्यांमध्ये जपून मी काकांचा शेवटचा तुकडा आणला होता. गावच्या बुद्धविहारात लावायच्या दगडी पाटीसाठी स्वतःच्या आईचे नाव त्यांनी कापून, अक्षरे सोलून तयार ठेवले होते: कालकथित चंपाबाई. खाली बरीच जागा मोकळी सोडलेली. कशासाठी, ते त्यांनी सांगितले नव्हते. काका गेल्यावर त्यांच्या मुलीचा, अक्षताचा, फोन आला.

"दादा, आजीच्या खाली बाबांचं नाव टाकाल? त्याच रबरावर?"

नवे रबर घेणे सोपे होते; पण मग काकांच्या हातचे काहीच त्या दगडावर उतरले नसते. आणि हे बिघडले, तर दुसरे नव्हते.

तेजस्वीने आम्हांला सपाट मेजाच्या यंत्रापाशी नेले. याला रूळ नव्हते. मेजाच्या बारीक छिद्रांतून हवा ओढली जाई, रबर जागच्या जागी धरले जाई, आणि फिरे ते फक्त ब्लेड. पुठ्ठे उघडून मी काकांचा तुकडा त्यावर ठेवला.

"कालकथित मीन्स?" ती इथेच लहानाची मोठी झालेली.

"स्वर्गीय लिहितात ना, तसं. आम्ही स्वर्ग मानत नाही."

"आमच्यात मरहूम," अहमदभाई पुटपुटले.

जयप्रकाश या नावासाठी मी संगणकातली तयार अक्षरे घेतली. त्याआधीच्या 'कालकथित' या शब्दासाठी मात्र वरच्या ओळीवर बोट ठेवले. "हा इथलाच घ्या."

कॅमेऱ्याने काकांचा शब्द पडद्यावर आणला. तेजस्वी वाकून बघू लागली. "एजेस थोड्या शेकी आहेत. स्मूथ करू?"

"नको!"

आवाज माझाच होता. अहमदभाईंनी वळून पाहिले.

आईसाठी कापलेला शब्द आता लेकाच्या नावाआधी उतरू लागला. कोपरा आला की ब्लेड उचलले जाई, वळे, पुन्हा अलगद टेके. काका असेच करत. एका वळणावर ब्लेड क्षणभर थबकले, जणू काकाच माझ्या मागे उभे होते. मी मागे वळून पाहिले नाही.

"हाच घेऊया," अहमदभाई म्हणाले. "जागा अडवील लय. पण हाच."

हवा ओढणे बंद झाले. रबराची कड किंचित उचलली गेली. कापलेली अक्षरे सोलेपर्यंत दिसत नाहीत. चंपाबाईंच्या नावाखालचे रबर अजून कोरेच दिसत होते. तेजस्वीने अक्षरे सोलायचा चिमटा पुढे केला. अहमदभाईंनी तो घेतला, आणि माझ्या हातात दिला.

सोलले की 'कालकथित'पुढे काकांचेच नाव दिसणार होते; मी चिमटा धरून उभा राहिलो.