भिंतीला टेकलेलं कपाळ

डिलाईल रोडच्या बंद गिरणीत जिथं रंगखातं होतं, तिथल्या मातीत हितेंद्रनं ज्वारी पेरली होती. कणसासाठी नव्हे. मुळांनी मातीतलं शिसं ओढून ताटांत साठवावं, ताटं कापून बंद भट्टीत जाळावीत, आणि माती कितपत निवळते ते त्याच्या प्रबंधात यावं, एवढ्यासाठी. पीक मात्र निर्लज्ज सुंदर आलं. दाट, काळपट हिरवं, वाऱ्यात रेशमासारखं सळसळणारं.

भोईवाड्यातल्या देवळाबाहेर सुभद्रा आपली बकुळा गाय बांधून बसे. येणारे-जाणारे तिच्याकडूनच चाऱ्याची पेंढी घेत, बकुळेला भरवत, तिला शिवून हात कपाळाला लावत आणि कामाला जात. गिरणीचा पहारेकरी गणपत सुभद्रेच्या गावचा. जाळायचंच तर गायीच्या तोंडी का नको, असा विचार करून तो पहाटे कुंपणावरून तिच्यासाठी भारा टाकी.

हितेंद्रला हे कळलं ते बकुळेची कीर्ती कानावर आल्यानंतर. गाय देवाला माथं टेकते, असं परळभर झालं होतं. तो पाहायला गेला. गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीला कपाळ रेटून बकुळा उभी होती, करकर दात खात. डोळे उघडे, पण बुबुळावर माशी बसली तरी पापणी हलत नव्हती. मागे रांग लागलेली, आणि प्रत्येक हातात त्याच्या शेतातली हिरवी पेंढी.

तो सुभद्रेजवळ वाकला. "आजी, ही भक्ती नाही. रंगखात्याच्या मातीतलं शिसं या चाऱ्यातून तिच्या मेंदूत गेलंय. आंधळी झालीय ती."

"माझो घोव त्याच रंगखात्यात जल्मभर राबलो. त्या मातीचा भय माका घालू नको."

"गेले ना ते? कशानं?"

सुभद्रेचा हात पेंढीवर थांबला. रांगेतून एक बाई ओरडली, "ओ साहेब, लाइनीत या, नायतर बाजूला व्हा!"

"मरतली काय रे ही?" सुभद्रेनं हळूच विचारलं.

"चारा आज बंद केला, इंजेक्शनं दिली, तर कदाचित जगेल."

सुभद्रेनं गायीकडे पाहिलं, मग रांगेकडे. "इतकी वर्सा हयच उभी आसा ती. हात लावन जाय होते, कोण थांबा नाय होता. आता रांग लावतत." तिची नजर त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या सुईकडे आणि काचेच्या नळीकडे वळली. "ती नळी कित्याक?"

"रक्ताची. तपासायला." तो अडखळला. "प्रबंधात लागेल."

ती हसली. तिच्या हसण्यात राग नव्हता. "म्हंजे तुकाय तिच्याकडसून कायतरी व्हया. मग सगळ्यांसारखो ये. आधी घाल तिका."

तिनं पेंढी त्याच्या हातात दिली. ती पायाखाली तुडवता आली असती, ओरडून सगळी रांग उधळता आली असती. जित्या गायीच्या रक्तातल्या शिशाचा आकडा मात्र पुन्हा मिळाला नसता.

त्यानं हात पुढे केला. बकुळेनं वासानं तोंड वळवलं, पानं ओढून घेतली, आणि खरखरीत जिभेनं त्याचा तळवाही चाटून स्वच्छ केला. सुभद्रेनं दावं आवळून तिची मान धरली. हितेंद्रनं सुई टोचली. नळी काळपट लाल भरत गेली. गाय हलली नाही. तिनं फक्त पुन्हा भिंत शोधली.

"बघा, साहेबांनीपण हात जोडले," मागची बाई समाधानानं म्हणाली.

बोटांवरचं रक्त दिसू नये म्हणून त्यानं ते जोडले होते. सुभद्रेनं भाऱ्यातून पुढची पेंढी सोडवली.