संत तोमासच्या भिंतीचे अश्रू

रविवारची प्रार्थना संपून तास झाला, तरी न्यू मेक्सिकोतल्या त्या खेड्यात कोणी घरी जायला तयार नव्हतं. मातीच्या जुन्या चर्चमध्ये डाव्या भिंतीपाशी झुंबड उडाली होती. संत तोमासच्या मूर्तीमागे भिंत रडत होती.

"जितकी भक्ती, तितके अश्रू," अबुंदिओ गंभीरपणे सांगत होता. हा गृहस्थ वर्षापूर्वीपर्यंत शहरात जुन्या मोटारी विकायचा. इथे आल्यावर त्याने बाहेरून भिंतीलगत गुलाब लावले आणि भाविकाने आधी गुलाबांना बादलीभर पाणी घालावं, मगच आत येऊन अश्रूंची बाटली न्यावी, असा नेम घालून दिला. भक्ती वाढली तसे अश्रूही वाढले. बाहेर बादलीभर ओतून आत बोटभर विकत घेतोय, हे एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही.

फिदेलिनाच्या लक्षात आलं होतं. सत्तरीच्या या बाईने गावातल्या बायकांबरोबर दर वर्षी याच भिंतीला तळहाताने माती-पेंढ्याचा गिलावा केला होता. आठ वर्षांपूर्वी पुरुषमंडळींना दरसालच्या या खटाटोपाचा कंटाळा आला आणि त्यांच्यातल्या ओनेसिमोने बाहेरून सिमेंट थापलं. मातीला सुकू द्यावं लागतं, असं तिने तेव्हाच बजावलं होतं. "आता बसा आराम करत, मावशी," म्हणून सगळे हसले होते.

आता भिंतीला वीतभर पोट सुटलं होतं. संत श्वास घेतायत, असं अबुंदिओ सांगायचा. त्याच पोटाखालच्या बाकावर फिदेलिनाची धाकटी बहीण दोमितिला दिवसभर बसायची. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया रद्द करून ती डोळ्यांत भिंतीचे अश्रू घालत होती. भिंत कधीही तिच्या डोक्यावर येईल, या धास्तीने फिदेलिनाला झोप लागत नव्हती.

त्या रविवारी ती हातोडा घेऊनच आली.

"दोमी, ऊठ. सगळे बाहेर चला."

"ताई, पाप लागेल गं."

"मला लागू दे. तू आधी ऊठ."

भिंतीला हत्यार लावणाऱ्याचा हात झडेल, अशी धमकी अबुंदिओने दिली.

"या हाताने जन्मभर हिला माती लावलीय," फिदेलिना म्हणाली. "झडायचा तर इतकी वर्षं थांबला असता होय?"

आत कोणी उरलं नाही याची खात्री करून तिने बाहेरून गुलाबांमागच्या सिमेंटवर घाव घातला. दुसऱ्या घावाला पत्र्यासारखा अख्खा थर सुटला आणि मक्याच्या लापशीसारखा चिखल खाली आला. त्यात गुलाबांची मुळं लोंबत होती. पाठोपाठ आत काहीतरी कोसळलं. लोकांनी दारातून पाहिलं तर भिंतीचं सुटलेलं पोट ढासळून दोमितिलाच्या बाकाचे दोन तुकडे झाले होते.

"बघा, हे तुमच्याच बादल्यांचं पाणी," फिदेलिना म्हणाली. "सिमेंटमुळे बाहेर वाळेना, म्हणून आत पाझरलं. कोणी रडत नव्हतं. भिंत कुजत होती."

ही संतांनी घेतलेली परीक्षा आहे, असं अबुंदिओ म्हणू लागला. ओनेसिमोने मान खाली घालून आपली बाटली गुलाबांवर रिकामी केली. ते पाहून अबुंदिओला शहरातलं तातडीचं काम आठवलं.

आठवड्याने भिंतीला टेकू लागले, सिमेंट उतरलं आणि बायका पेंढा तुडवायला लागल्या. दोमितिलाही चाचपडत माती थापत होती.

"ताई, संत रागावले असतील का गं?"

"तोमास? अगं, त्याने तर मरून उठलेल्या येशूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय त्या देवावरसुद्धा विश्वास ठेवला नव्हता. आणि आपण त्याच्याच चर्चमध्ये न तपासता रांगा लावल्या. भिंत गवंड्याला दाखवावी, डोळे डॉक्टरला. गुरुवारी तुझा नंबर लावलाय."

दोमितिलाने ओल्या गिलाव्यात बोट खुपसून पाहिलं. "इथे मातीचा अजून एक हात लागेल," ती म्हणाली.