सान्वीची दाढ

मित्रांनो, तुमच्या मुठीत सहज मावेन एवढी मी एक जुनी स्टीलची डबी आहे. अंगावर एक पोचा आहे, झाकण अजून घट्ट बसतं. सध्या भंगारवाल्याच्या पोत्यात एका फुटक्या कुकरखाली पडून आहे. पण तक्रार त्याची नाही. मला सांगायचंय ते एका मुलीच्या दाढेबद्दल.

माझा जन्म भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात झाला. तिथे पत्रा कापतात, साच्यात दाबतात आणि मग पॉलिशला देतात. पॉलिशच्या चाकावर दत्ताराम नावाचा कामगार बसायचा, मूळचा रत्नागिरीकडचा. त्याला नुकतीच मुलगी झाली होती आणि स्वारी खुशीत होती. त्याने मला घासून घासून इतकं लख्ख केलं, की मालक म्हणाला, "दत्ता, ये तो आईना बना दिया तूने." दत्तारामने मला मागून घेतलं आणि घरी नेलं.

घरी त्याची बायको शैला. तिने माझ्यात बाळगुटीचं सामान ठेवलं. वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरुडशेंग. रोज बाळाला न्हाऊ घातलं की माझं झाकण उघडायचं आणि सहाणेवर एकेक वळसा उगाळून बाळाच्या जिभेवर जायचा. बाळाचं नाव सान्वी. शेजारच्या चंपाबेन मला उचलून माझ्यात बघून केस नीट करायच्या आणि डबीचं कौतुक करायच्या. तेव्हा मला वाटायचं, आपलं बरं चाललंय.

सान्वी चालायला लागली, गुटी बंद झाली. मग शैलाने मला घासूनपुसून माझ्यात मशेरी भरली. तुमच्यापैकी काहींच्या घरीही ती असेल. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, चुरायचा आणि बोटावर घेऊन त्याने दात घासायचे. शैलाची आई हेच करायची, आजीही हेच करायची. गावी अंगणात चूल मांडून भाजत. इथे चौथ्या मजल्यावर गॅसवर तवा ठेवला की मजलाभर ठसका लागायचा. चंपाबेन दार लोटून घेत म्हणायच्या, "शैलाभाभी, फिर चालू किया? बच्चे खांसते हैं." शैला खिडकी उघडायची, एवढंच.

तिला मशेरी सकाळी लागायची, जेवल्यावर लागायची आणि शांती नगरात पोळ्या करायला जाताना बसथांब्यावरही लागायची. मी कायम तिच्या कमरेला खोचलेली. त्यामुळे पुढे जे जे झालं ते सगळं माझ्या कानावर पडलं.

सान्वी शाळेत जायला लागली. सकाळी उठल्याबरोबर, चूळही न भरता, चहात बिस्किटं बुडवून खायची. आई कामावर असताना पोर गप्प राहावी म्हणून घरात गोळ्यांची बरणी भरलेली असायची. रात्री झोपतानाही गालात एक गोळी. ब्रश होता, पण चावून चावून त्याचे केस चहूकडे फाकले होते. दत्ताराम कधीतरी म्हणायचा, "अगं, तिचे दात बघ जरा. मागे काळं दिसतंय."

"दुधाचे आहेत ते," शैला म्हणायची. "पडतील नि नवे येतील. आपले नाय पडले?"

दत्तारामलाही ते पटायचं. सगळ्या मजल्याला पटलं असतं.

सान्वी आठ वर्षांची असताना एका सकाळी गाल धरून बसली. खालची मागची दाढ ठणकत होती. शैलाची बसची वेळ झाली होती. तिने मला उघडलं, चिमूटभर मशेरी बोटावर घेतली आणि त्या दाढेवर दाबून धरली. "लगेच थुंकू नको हां, बाय. बधिर होईल बघ." थोड्या वेळाने सान्वीला गरगरलं, उलटी झाली. मग ती आडवी पडली आणि तिला झोप लागली. ठणका कमी झाला होता. शैला निश्चिंत मनाने कामाला गेली.

मित्रांनो, शैला वाईट आई नाही. लहानपणी तिच्या आईने तिच्या दाढेला हेच लावलं होतं आणि घरात दुखण्यावरचा उपाय म्हणून तिला एवढंच ठाऊक होतं. तरीही मला तिचा राग येतो. आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडात तंबाखू गेला तो गेलाच, मग तो मायेने घातलेला का असेना. झाकण आतून लावता येत असतं तर मी लावून बसले असते.

पुढच्या वेळी सान्वीला उलटी झाली नाही. त्याच्या पुढच्या वेळी तिने स्वतःच डबी मागितली. मग मागणंही बंद झालं. आई आंघोळीला गेली की ती मला फडताळातून काढायची, दाराआड उभी राहून बोटाने आत चाचपायची आणि हिरडीला चोळायची. दुखत नसलं तरी चोळायची. नाही मिळालं की दिवसभर किरकिर करायची, डबा तसाच परत आणायची. शैलाला वाटायचं, दाढच दुखत असेल.

मग गाल सुजला, ताप भरला. दत्तारामने अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि तिघं केबिन रोडवरच्या दातांच्या दवाखान्यात गेली. मी होतेच, शैलाच्या कमरेला. डॉक्टर निशिगंधा मॅडमनी सान्वीच्या तोंडात आरसा घातला आणि विचारलं, "हिरडीला हे काळं काय लागलंय?"

शैलाने पदर माझ्यावर ओढून घेतला. सान्वीच बोलली. "मशेरी. दुखलं की आई लावते. आता माझी मी पण लावते."

मॅडमनी आरसा खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "ताई, तो तंबाखू आहे. त्याने नुसतं दुखणं दबलं. कीड आत चालूच राहिली, मुळाशी पू झालाय. दाढ अशी पोखरलीय की वर काही शिल्लकच नाहीये. काढावी लागेल."

"काढा मॅडम," शैला म्हणाली. "दुधाचीच हाय. नवी येईल."

"नाही येणार. ही दुधाची नाहीये, ताई, कायमची दाढ आहे. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे येते. तिच्या जागी आधी कुठला दात पडत नाही, म्हणून घरी कोणाच्या लक्षातच येत नाही. जन्मभर पुरायची होती ती."

शैलाने खुर्चीचा हात धरला. मग मॅडमनी मशेरीबद्दल सांगितलं. "ती घरात नको. हिला सवय लागलीय. रडेल, चिडेल, तरी देऊ नका. आणि तुम्हीही सोडा, तुम्हाला बघूनच लावायला शिकलीय ती. सोडायला मी मदत करेन."

दाढ निघाली. दत्तारामने घरी येऊन मशेरी संडासात ओतली आणि शैलाने मला गरम पाण्याने धुऊन खिडकीत पालथं घातलं.

सान्वीने मॅडमकडून ती दाढ कागदात मागून आणली होती. गावी पडलेला दात कौलांवर टाकतात आणि नवा दात येईल असं पोरांना सांगतात. इथे कौलं कुठली? तिने खिडकीतून खाली वॉचमनच्या केबिनच्या पत्र्यावर दाढ टाकली. त्यानंतर ती रोज आरशासमोर तोंड वासून उभी राहायची आणि विचारायची, "आई, कधी येणार?" शैला काहीतरी कामात गुंतायची. पण एका दुपारी तिने हातातलं काम ठेवलं.

"ती नाय यायची, सानू."

"मी टाकली ना पत्र्यावर."

"तरी नाय यायची."

सान्वी रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "मग तू दुधाची आहे असं का म्हणालीस?"

शैलाने ठेवलेलं काम पुन्हा उचललं. ती आत गेली. सान्वी खिडकीशी आली, मला सुलटं केलं, बोट ओलं करून माझ्या कोरड्या तळावरून फिरवलं आणि दाढ होती तिथल्या रिकाम्या हिरडीवर ते चोळत राहिली. शैलाने दारातून ते पाहिलं. तिने मला तिच्या हातातून घेतलं आणि खाली जाऊन भंगारवाल्याच्या गाडीवर टाकलं. वर जाताना ती रडत होती.

मित्रांनो, माझं काय, उद्या वितळून माझा चमचा होईल. तुम्ही मात्र गोळी गालात धरून झोपू नका. दात दुखला तर लपवू नका आणि कोणी मायेने मशेरी लावायला आलं तर तोंड मिटून घ्या. डॉक्टरकडे न्या म्हणून हट्ट करा, हवं तर जमिनीवर लोळा. आणि आता जीभ जरा मागे नेऊन बघा. सगळ्यात शेवटी एक मोठी दाढ लागते का? सान्वीची हीच गेली. ती एकदाच येते.