पहिलं ऐकणं

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कळमनुरीमार्गे हिंगोलीकडे जाणारी बस फलाट क्रमांक दोनवर…"

इथवर आला आणि धम्मदीपचा आवाज तुटला. टेबलावरचा फोन थरथरला होता आणि त्याच्या काचेवर एक ओळ उजळली होती : 'मंडळी, दगडफूलचा नवा अल्बम वेळेआधीच फुटला. आठही तुकडे आहेत. लिंक खाली. पटकन उतरवून घ्या.'

आखाडा बाळापूरच्या बसस्थानकावर काही क्षण कर्ण्यातून नुसती खरखर ऐकू येत राहिली. चौकशीच्या खिडकीतून सोजराबाईंनी डोकं आत घातलं. पेरूची पाटी घेऊन त्या रोज याच बसने जात.

"आरं बाबा, बस येऊन राहिली का जाऊन राहिली? मधीच काहून थांबला? घास अडकला का?"

"येऊन राहिली, मावशी. दोन नंबरला."

"मंग तसं सांग की भोंग्यात. मला एकटीला सांगून काय उपेग?"

त्याने सांगितलं. पण त्या दिवशी उरलेल्या सगळ्या बसगाड्या त्याच्या तोंडून बाहेर पडल्या त्या कुणा दुसऱ्याच्या आवाजात.

धम्मदीप स्थानकावर वाहतूक नियंत्रक होता. गाड्यांची वेळ लिहायची, चालकांच्या कागदांवर शिक्का मारायचा आणि गावांची नावं मोठ्याने पुकारायची, हे त्याचं काम. एरवी तो इतका अबोल, की दिवसभराचं बोलणं ध्वनिक्षेपकातच संपून जातं, असं त्याची बायको ऐश्वर्या म्हणे. अशा माणसाला शब्द नसलेलं संगीत आवडावं, यात नवल नव्हतं. नवल एवढंच, की ते त्याच्यापर्यंत पोहोचलं कसं.

सोळा वर्षांपूर्वी प्रेमदासने नांदेडच्या एका मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डात गाणी भरून आणली होती. प्रेमदास तांड्यावरचा, धम्मदीपच्या वर्गातला, तेव्हा नुकताच जीप चालवू लागलेला. दुकानदाराने चुकून दुसऱ्याच कुणाचं काहीतरी भरून दिलं. वारंगा फाट्याला जीप उभी करून दोघं ऐकत बसले. गिटारी वाजत होत्या, ड्रम वाजत होता. दोघं आपले गायकाची वाट पाहत होते.

"गाणं कवा सुरू होतं रे?" चौथ्या मिनिटाला प्रेमदासने विचारलं होतं.

"होईल की आता."

सातव्या मिनिटाला ते संपलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.

ते दगडफूल होतं. पुण्याची चार माणसं, गायक नाही, शब्द नाहीत. आज त्यांना बावीस वर्षं झाली होती. केस पिकले होते, एकाची बोटं दुखू लागल्याचं ऐकिवात होतं. या संगीतातून दोघा मित्रांनी स्वतःचा एक रिवाज घडवला. नवा अल्बम आला, की एकट्याने ऐकायचा नाही. पहिलं ऐकणं वारंगा फाट्याला, जीपमध्ये, इंजीन बंद करून. फोन पालथा ठेवायचा, म्हणजे तुकड्यांची खरी नावं दिसणार नाहीत. प्रत्येक तुकडा संपला, की दोघांनी तिकिटाच्या रिळाच्या कोऱ्या पाठीवर आपापलं नाव लिहायचं आणि मग चिठ्ठ्या बदलायच्या. 'पैनगंगेचा पूल.' 'मागच्या शिटावरची म्हातारी.' 'तूर कापलेलं वावर.' एकदा दोघांनीही एकच शब्द लिहिला होता : 'फाटा'. त्या दिवशी प्रेमदास इतका हसला, की शेजारच्या टपरीवाल्याला वाटलं, पोरांनी घेतली आहे.

त्या सगळ्या चिठ्ठ्या धम्मदीपने एका जुन्या कंपासपेटीत ठेवल्या होत्या. सात वर्षांत त्यात एकही नवी पडली नव्हती.

कारण सात वर्षांपूर्वीही अल्बम असाच फुटला होता, आणि ओस पडलेल्या स्थानकात एका दुपारी धम्मदीपने तो ऐकला होता. एकदा नव्हे, चारदा. मग दोन दिवसांनी फाट्याला जाऊन त्याने, आपण पहिल्यांदाच ऐकतो आहोत, असा चेहरा केला. चेहऱ्याने साथ दिली; बोटांनी दगा दिला. एका तुकड्यात सगळी वाद्यं अचानक थांबत, आणि किती वेळाने परत येणार, हे ऐकणाऱ्याला कळण्याची सोय नव्हती. त्या पोकळीत धम्मदीपचं बोट जीपच्या दारावर पडलं, आणि नेमकी त्याच क्षणी गिटार आली.

प्रेमदासने त्या बोटाकडे पाहिलं. मग गाणं बंद केलं. म्हणाला, "उतर."

एवढंच. त्यानंतर त्याने आपली जीप सेनगावच्या रस्त्याला टाकली. लग्नाकार्यात भेट होई. "बराबर हाय ना?" "बराबर." धम्मदीपला माफी मागायची होती, पण तिचे शब्द घोषणांसारखे छापील मिळत नव्हते.

या खेपेला मात्र, अल्बम शुक्रवारी बारा वाजता येणार असं जाहीर झालं, तसं त्याने धीर करून प्रेमदासला लिहिलं होतं : 'शुक्रवारी बारा. वारंगा फाटा, रसवंतीसमोर.' दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही.

आणि आता मंगळवारी ही लिंक. चाहत्यांच्या त्या समूहात दोनशेवर माणसं होती. प्रेमदासही होता, मुका. समूह सांभाळणाऱ्या परभणीच्या मिनाने दहा मिनिटांत लिंक पुसून टाकली आणि खाली लिहिलं, 'बावीस वर्षं ज्यांनी दिलं, त्यांच्यासाठी तीन दिवस कळ काढा.' पण संध्याकाळी आयुष नावाच्या कुणा चाहत्याने धम्मदीपला सगळी फाइल वेगळी पाठवली. 'दादा, तुम्ही जुने. तुमच्यासाठी ठेवली.'

फाइलीवर खाली तोंड केलेला एक बाण होता. अजून उतरवलेली नाही, अशी त्याची खूण. धम्मदीप रात्रीच्या जेवणाआधी ती पाहत बसलेला ऐश्वर्याला दिसला.

"पुसून टाका ना मग."

"पुसली तर ऐकून पुसली म्हणंल प्रेमा."

"अन् ठेवली तर?"

"बाण दिसंल त्याला. हात न लावलेला."

ऐश्वर्या लेकीच्या, आरोहीच्या वेणीचे पेड घालत होती. ती थांबली. "माझ्या भावाच्या लग्नाला रजा भेटली न्हाई तुमाला. अन् या बिनतोंडाच्या गाण्याला शुक्रवारची रजा टाकली. तो न्हाई आला तर?"

त्याने फोन पालथा ठेवला. तशी तीच हळू म्हणाली, "सोबत डबा देते. दोघांचा."

बुधवार गेला. गुरुवारी समूहात कुजबुज वाढली. ज्यांनी ऐकलं होतं ते 'पाचवा तुकडा!' एवढंच लिहून गप्प होत. प्रत्येक वेळी धम्मदीप फाइल उघडून पाही. बाण तिथेच होता. तहानलेल्याने भरल्या रांजणाशेजारी बसून राहावं, तसे ते तीन दिवस.

शुक्रवारी तो साडेदहालाच फाट्यावर पोहोचला. रसवंतीचं चाक घुंगरं वाजवत फिरत होतं. नांदेडकडून येणाऱ्या प्रत्येक जीपकडे तो पाही, मग हिंगोलीकडून येणाऱ्या. पावणेबारा झाले. बाराला दहा कमी. तो मनात हातांचा विचार करत होता. हात कुठे ठेवायचे? मांड्यांखाली दाबून धरले, तर लपवले असं दिसेल. नको. गुडघ्यांवर ठेवायचे, उघडे. बघू दे त्याला.

बाराला तीन कमी असताना पांढऱ्या धुळीने माखलेली जीप समोर येऊन थांबली.

"कवा आलास?" प्रेमदासने काच खाली न करताच, अर्ध्या उघड्या दारातून विचारलं. कानांवरचे केस पांढरे झाले होते.

"साडेदहाला."

"येडा हायेस का? बारा लिहिलं न्हवतं का तूच? कंट्रोलर मानूस, अन् सोताची गाडी दीड घंटा आधी लावतो."

धम्मदीपने डब्याची पिशवी उचलली. तो आत बसला. मागचं दार उघडून एका माणसाने पोतं आत ढकललं.

"नांदेडला जाती का हो?"

"न्हाई."

"मंग हिंगोली?"

"आज कुटंच जात न्हाई. उतरवा पोतं, काका."

दार आपटलं. घड्याळात बारा वाजले. धम्मदीपने खिशातून फोन काढला. "प्रेमा, मला आधी तुला एक दाखवायचंय. फाइल आली होती मला. पन बघ, तिच्यावर…"

"राहू दे," प्रेमदास घाईने म्हणाला. तो समोरच्या रस्त्याकडेच पाहत होता. "राहू दे रे. आधी ऐकू."

त्याने स्वतःचा फोन जीपच्या स्पीकरला जोडला आणि पालथा ठेवला.

पहिला तुकडा संथ होता. दूरवर कुणीतरी रिकामी बादली ठेवावी, तसा ड्रम. धम्मदीपने लिहिलं, 'उन्हातलं पाणी'. प्रेमदासने लिहिलं, 'बापूची काठी'. चिठ्ठ्या बदलल्या. बाबूसिंग, प्रेमदासचा बाप, गेल्याला चार वर्षं झाली होती. धम्मदीप मातीला गेला होता, आणि गर्दीत मागे उभा राहून परतला होता.

"बघितलं होतं मी तुला," प्रेमदास म्हणाला. 

दुसरा झाला. तिसरा, चौथा. धम्मदीपची बोटं गुडघ्यांवर पसरलेली होती, आणि प्रत्येक वळणावर ती चुकत होती; कधी आधी, कधी मागून. आपलं चुकणं त्याला बरं वाटत होतं. पाहिलं असेल का त्याने? पाहत तर असणारच.

मग पाचवा. दोन गिटारी एकमेकींना ओढत वर चढल्या, ड्रम त्यांच्या मागे धावला, आणि सगळं एकदम थांबलं. नुसती पोकळी. रसवंतीची घुंगरंसुद्धा त्या क्षणी थांबल्यासारखी वाटली. धम्मदीपची बोटं हवेत अडकली. आता? आता येईल? अजून नाही.

स्टिअरिंगवर प्रेमदासचा अंगठा उचलला गेला आणि खाली पडला. टक्.

त्याच क्षणी गिटार आली.

धम्मदीपने पाहिलं. प्रेमदासचा अंगठा जिथे पडला होता तिथेच राहिला, चटका बसल्यासारखा.  तो वळला नाही. त्यानेही ऐकलं होतं. ज्या दहा मिनिटांत लिंक उघडी होती, त्यातच त्याने अल्बम उतरवून घेतला असणार.

तुकडा चालू राहिला. दोघांपैकी कुणीही तो ऐकत नव्हतं. धम्मदीपच्या डाव्या हाताशी दाराची मूठ होती आणि खिशातल्या फोनमध्ये तो बाण होता, तीन दिवस अंगावर निखारा बाळगावा तसा जपलेला. या वेळी 'उतर' म्हणायलाही कुणाची गरज नव्हती. उठून जाणं एवढंच पुरे होतं. सात वर्षं त्या एका शब्दाचं वजन त्याने उचललं होतं. ते दुसऱ्याच्या अंगावर कसं पडेल, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

तुकडा संपला.

धम्मदीपने तिकिटाच्या रिळाचा एक कपटा फाडला आणि पेनासकट पुढे केला.

"नाव लिही."

प्रेमदासने कागद घेतला. बराच वेळ त्याच्या हातात पेन नुसतंच होतं. मग त्याने काहीतरी लिहिलं, घडी केली. धम्मदीपने आपली चिठ्ठी लिहिली आणि दोन्ही घड्या न उघडताच सोबत आणलेल्या कंपासपेटीत टाकल्या.

"वाचत न्हाईस?" प्रेमदासने विचारलं.

"मागून वाचू. ऐश्वर्यानं डबा दिलाय दोघांचा. तवा."

सहावा तुकडा सुरू झाला. प्रेमदासने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले आणि शाळेत छडी चुकवणाऱ्या पोरासारखे मांड्यांखाली दाबून घेतले.

धम्मदीपने आवाज थोडा वाढवला.